भुईवर घेतलेली बाई

सासूबाई,

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तेव्हा हा कागद तुमच्यापर्यंत पोचलाच, तर तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल, आणि कोणाकडून काही करून घेणं तुम्हाला जन्मभर जमलं नाही. म्हणजे तो न वाचताच राहणार. मला ते बरंच आहे, मोकळेपणी लिहिता येईल. वाचायला मला माहेरी वडिलांनी शिकवलं, पोथीपुरतं. लिहायला तुमच्या मुलाने शिकवलं, कल्याणच्या घरी, मागच्या खोलीत दार लोटून. तुम्हाला ते ठाऊक होतं हे मला फार उशिरा कळलं. कोणी येताना दिसलं की तुम्ही बाहेरून मोठ्याने खोकत असा, म्हणजे आम्हाला पाटी लपवायला सवड मिळे. तुम्ही गेलात तेव्हा ठाण्याला आगगाडी आली नव्हती. आता ती कल्याणच्याही पुढे घाट चढून जाते, आणि मी चार विसा ओलांडून तुमच्या वयाला येऊन बसले आहे. बसले आहे असं म्हणायची पद्धत म्हणून म्हणते. घरात भांडण झालं ते त्यावरूनच. मी एका जागी बसावं असं सगळ्यांना वाटतं, आणि मला बसायचं नाही.

तुम्हाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते कल्याणच्या विहिरीवर. मी नवी सून, अंगात नुसता उत्साह. तुम्ही तेव्हाच म्हाताऱ्या होतात, निदान मला तशा वाटत होतात. तुम्ही दोर ओढताय, राहाट कुरकुरतोय, आणि मी पुण्य मिळवायला धावत येऊन तुमच्या हातातला दोर धरते. तुम्ही ओरडला नाहीत. दोर तसाच धरून ठेवलात आणि म्हणालात, "हात काढ. तुझं पाणी तू काढ, माझं मी काढते. आज दोर घेशील, उद्या घास भरवशील, परवा कूस बदलशील. मला काय मेलेली समजलीस?" मी हिरमुसून घरात गेले. आईला सांगावंसं वाटलं की इथली सासू द्वाड आहे. पुढे तुमचे हात खरंच थकले, भरला पोहरा वर येईना, तेव्हा वाटलं आता तरी बोलावतील. तुम्ही तांबटाकडे गेलात आणि एक लहान पोहरा घडवून आणलात, तांब्याहून जेमतेम मोठा. पाणी तेवढंच लागतं, खेपा वाढवायच्या, असं तुमचं म्हणणं. आळीतल्या बायका हसल्या, बाहुलीच्या लग्नातला पोहरा म्हणाल्या. तुम्ही त्यांच्या देखत सकाळभर खेपा घालत राहिलात, घाई म्हणून नाही. तो पोहरा तुम्ही जायच्या आधीच्या वर्षी माझ्या पुढ्यात ठेवलात. मी म्हटलं, मला एवढासा कशाला, माझ्या हातात बळ आहे. तर म्हणालात, "आहे तोवर माळ्यावर ठेव."

तुमच्या बाकीच्या युक्त्या मी बघून बघून शिकले, तुम्ही शिकवल्या नाहीत. पाटावरून उठताना तुम्ही सरळ उभं राहायचं सोडूनच दिलं होतंत. आधी एका कुशीवर, मग दोन्ही गुडघ्यांवर, मग हात जात्यावर, आणि मग उभ्या. लुगडं नेसताना पाठ भिंतीला टेकवायची, म्हणजे कासोटा खोचताना तोल जात नाही. परसाकडे जाताना तांब्या अर्धाच भरायचा आणि वाटेत दोन ठिकाणी टेकायचं, टेकलेलं कोणाला कळू नये म्हणून तुळशीची पानं खुडल्यासारखं करायचं. शेवटच्या दिवशीसुद्धा सकाळी तुम्ही स्वतःचं लुगडं धुऊन दांडीवर घातलंत आणि जेवणवेळेच्या सुमारास गेलात. लुगडं मी काढलं तेव्हा ते खडखडीत वाळलेलं होतं. आळीत सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, कोणाला हात लावू दिला नाही. मीही अभिमानाने तेच सांगत आले. आणि मीही तशीच जाणार असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर यंदा माघात मला ताप भरला. ताप साधा नव्हता, हे कबूल. चार-पाच दिवस मला काही कळत नव्हतं. वैद्यबुवांनी मनगट धरलं आणि नाडी सुटली म्हणाले. मुलगा रडू लागला. तो कचेरीतून निवृत्त होऊन ठाण्यातच, टेंभी नाक्याजवळच्या घरात राहतो, मीही त्याच्याकडेच. नातवंडाला भटजींकडे पिटाळलं. सुनेने जमीन सारवली, दर्भ पसरले आणि मला खाटेवरून उचलून भुईवर घेतलं. माणसाने खाटेवर जाऊ नये, मातीवर जावं, हे तुम्हाला मी काय सांगणार. भटजी आले, त्यांनी माझ्या नावाने गाईचं दानसुद्धा उरकलं. वैतरणी ओलांडायची शेपूट तयार झाली, फक्त मी जायची राहिले. मग देवघरातला गंगेचा गडू काढला. माझ्या थोरल्या दिरांनी काशीहून आणलेला, तोंडाला लाख लावून बंद केलेला, आठवतो ना? तो फोडला. तुळशीचं पान ठेवून पळीभर पाणी माझ्या तोंडात घातलं.

आता मला इतके दिवस कोणी पाणी दिलं नव्हतं. तापात पाणी देऊ नये असं वैद्यबुवांनी बजावलं होतं, आणि माझ्या घशाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटली होती. ते गार पाणी तोंडात आलं आणि मला शुद्ध आली. भोवती सगळे बसलेले, कोणी नाम घेतंय, कोणी डोळे पुसतंय. मी म्हटलं, "अजून दे." मुलाला वाटलं मी गंगा मागतेय, पुण्यवान म्हणून. त्याने पुन्हा पळी पुढे केली. मी म्हटलं, "पळीने काय देतोस, गडू दे." भटजींचा मंत्र तोंडातच राहिला. मी गंगेचं ते पाणी पोटभर प्याले, सासूबाई, सगळ्या घराच्या मरणांसाठी पिढीभर जपून ठेवलेलं. मग म्हटलं, भुई गार लागते, काही पांघरायला आणा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

हसू आलं असेल तर हसा, पण पुढचं ऐका. भुईवर घेतलेलं माणूस उठलं की त्याचं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नसतं. एक म्हणाला होमहवन करून शांत करावी लागेल, दुसरा म्हणाला तोवर हिने चुलीला हात लावू नये. शांत झाली. तरी कोणी चुलीला हात लावू देईना. ज्या घराने एकदा माणसाला निरोप दिला, त्याला ते पुन्हा दारात उभं राहिलेलं बघवत नाही. वाईट कोणीच नाही हो. उलट सगळे इतके गोड झाले की मला भीती वाटू लागली. माझा मऊ भात कालवून येऊ लागला. माझं लुगडं परस्पर धुतलं जाऊ लागलं. कोलशेतची एक बाई ठेवली, मला धरून परसाकडे न्यायला, अंघोळ घालायला, नेसवायला. चांगली दणकट बाई, मनाने निर्मळ. मी खाटेवरून पाय खाली सोडले की म्हणायची, "आजे, बस गो गप. मी हाय ना." मुलगा संध्याकाळी येऊन खाटेजवळ बसायचा आणि म्हणायचा, "आई, आता तू काही करू नकोस. खूप केलंस." मी विचारलं, "मग काय करू?" तो म्हणाला, "नामस्मरण कर." मी म्हटलं, "अरे, ते मी दोर ओढतानाच करत आले. हात रिकामे असले की मला देव आठवत नाही, गुडघे आठवतात." तो हसला. म्हाताऱ्यांच्या बोलण्याला हसतात, तसं.

गुडघ्यांचं खरंच होतं. तापाने जे नेलं नव्हतं ते खाटेने नेलं. होळीपर्यंत माझे पाय काठीसारखे ताठले. हाताची मूठ वळेना. एकदा त्या बाईला यायला उशीर झाला आणि मला खाटेवरच... जाऊ दे. तुमच्यापुढे लाजायचं नाही, तरी ते लिहवत नाही. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि पहिल्यांदा मनात आलं की गंगा पिऊन चूक केली. आणि त्याच वेळी मला तुमचा आवाज आठवला. तुमच्या मुलाने एकदा तुम्हाला विहिरीवर जायला मनाई केली होती, आठवतं? कर्ता मुलगा, आळीत मान, आणि आई पाणी ओढते हे बरं दिसत नाही म्हणाला. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "बरं दिसावं म्हणून मी आंधळी होऊ का पांगळी, ते एकदा सांग. म्हणजे तसं करते." ते पागोटं घेऊन बाहेर पडले. मी दाराआडून ऐकलं आणि मला तुमचा राग आला, कारण मला वाटायचं नवऱ्याचा शब्द मोडू नये. आता मी तुमच्या बाजूला आहे. जरा उशिरा आले, पण पुरती आले.

दुपारी घर निजलं की मी कामाला लागले. खाटेवरून आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग हात खाटेच्या गातीला, कडेच्या लाकडाला. पहिल्या दिवशी गुडघ्यांवर येऊन तिथेच राहिले, ना वर ना खाली, आणि पार रडू आलं. मग राग आला. राग मला रडण्यापेक्षा जास्त मानवतो. रोज थोडं थोडं करून उठायला लागले. भिंतीला पाठ लावून कासोटा खोचला, सुटला, पुन्हा खोचला. घरात कोणाला पत्ता नाही. म्हातारीच्या खोलीत दुपारी काही घडेल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. पाडवा झाल्यावर एका सकाळी, सगळे चहाच्या गडबडीत असताना, मी भिंत धरून मागच्या विहिरीवर गेले. हात थकल्यापासून मी वापरत होते तो लहान पोहरा, म्हणजे तुमचा, तिथे नव्हता. मी खाटेवर पडल्यावर तो पुन्हा माळ्यावर गेला होता. घरचा मोठा पोहरा होता. शहाण्या बाईने तिथूनच परत फिरावं. मी तो विहिरीत सोडला.

खाली गेला तो भसकन गेला. वर येईना. अर्ध्यावर आला आणि माझे हात संपले. सोडावा तर दोर हात सोलून जाणार आणि आवाज होऊन सगळी आळी गोळा होणार. हाक मारावी तर कोलशेतची बाई धावून येणार, आणि मग जन्मात पुन्हा विहीर दिसणार नाही. मी दगडाला पाय लावून तशीच उभी राहिले. शेजारची वकिलीणबाई कपडे वाळत घालत होती, ती म्हणाली, "अगं बाई, आजी! अहो, कोणी आहे का घरात?" झालं. सून पदर खोचत धावत आली. तीही आता साठीची आहे, तिचे स्वतःचे गुडघे माझ्याहून वाईट. ती दोर धरायला आली आणि माझ्या तोंडून तुमचे शब्द निघाले, तसेच्या तसे. "हात काढ." ती म्हणाली, "सासूबाई, दोर सोडा, पडाल." मी म्हटलं, "पडले तर विहिरीत पडेन, खाटेवर नाही." वाईट बोलले, पण बोलले. ती रडायलाच लागली. म्हणाली, "लोक मला काय म्हणतील, कळतं का तुम्हाला? भुईवरून उठलेल्या सासूला पाण्याला लावलं म्हणतील. एवढी वर्षं तुमचं केलं त्याचं हे?" आणि मला कळलं, सासूबाई, की तिचंही काही पणाला लागलेलं आहे. माझे हातपाय आणि तिची अब्रू एकाच दोरावर लटकली होती. तुमच्या वेळी माझ्या अब्रूचा विचार तुम्ही कधी केला होतात का, कोण जाणे. आळीत मला बोलत होते, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "रडू नकोस. दोराचा एक वेढा राहाटाच्या खांबाला घाल, म्हणजे मला दम घेता येईल. ओढायचं मी." तिने पदराने डोळे पुसले. मग तिने वेढा घातला. मी दम घेतला, वेढा सोडवून हातभर ओढलं, तिने पुन्हा वेढा घातला. किती वेळ चाललं कोण जाणे. वकिलीणबाईच्या हातातलं धोतर तसंच ओलं राहिलं. पोहरा काठावर आला तेव्हा त्यात निम्मंच पाणी होतं, बाकीचं हिंदकळून गेलं होतं. मी ते माझ्या कळशीत ओतलं आणि वकिलीणबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझी सून मला नको नको म्हणते. मीच तिचं ऐकत नाही. आळीत सांगायचं असेल तर असं सांगा, की म्हातारी हट्टी आहे. सुनेला नाव ठेवलेलं मला चालायचं नाही." वकिलीणबाई म्हणाली, "छे हो आजी, मी कशाला सांगते." म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचणार, याची मला खात्री पटली. पोचलं. तेव्हापासून मी ठाण्यातली हट्टी म्हातारी आहे आणि सून बिचारी सोशीक. आम्हा दोघींनाही ते मानवलं.

मुलाने रात्री जेवताना विषय काढला. "आई, तुला झालं काही तर?" मी म्हटलं, "झालंच होतं की एकदा. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पोचवलंत, दान दिलंत, गंगा पाजलीत. आता तुमच्या डोक्यावर काही राहिलं नाही. उरलेलं माझं मी बघते." दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर लहान पोहरा चिंचेने घासून ठेवलेला होता. कोणी काढला माळ्यावरून, ते मी विचारलं नाही. कोलशेतच्या बाईला आता दळणकांडणाचं काम आहे. मी माझं पाणी काढते, माझा भात माझ्या चुलीवर करते, कधी तो करपतो आणि मी तो तसाच खाते. परसाकडे एकटी जाते. लुगडं धुते, ते नीट पिळता येत नाही म्हणून दांडीवरून टपटपत राहतं आणि वाळायला दोन दिवस लागतात. सून त्याखालून जाताना अंगावर थेंब पडले की पुटपुटते. पुटपुटू दे. हे सगळं तुम्हाला कळावं असं फार वाटत होतं. वाटत होतं की तुम्ही ऐकून नुसती मान हलवाल. तुम्ही तेवढंच करत असा, आणि मला तेवढं महिनाभर पुरत असे.

पण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही अशी खात्री आहे, म्हणून एक सांगते. अंघोळ मी एकटीच करते, असं मी घरात जाहीर केलं होतं, दार लावून, तुमच्यासारखी. पण हात मागे वळत नाही. कितीही युक्त्या केल्या तरी स्वतःची पाठ स्वतःला सापडत नाही. परवा सून न विचारता आत आली, मागे बसली आणि माझी पाठ चोळू लागली. मी "हात काढ" म्हणायला तोंड उघडलं आणि ते शब्द आलेच नाहीत. तिने विचारलं, "पुरे का?" आणि मी म्हटलं, "अजून थोडं वर." ती आता रोज येते. रोज विचारते, पुरे का, आणि पुरे म्हणायला मी मुद्दाम उशीर लावते. सासूबाई, तुमच्या न्हाणीचं दार इतकी वर्षं आतून लावलेलं असे. तुमची पाठ कोण चोळत होतं? मी बाहेर चुलीपाशीच बसलेली असे.